बसायच्या आधी

मराठीत दारू पिण्याला 'पिणे' हा सरळ शब्द आहे, पण मित्रामित्रांत तो फारसा ऐकू येत नाही. 'आज बसायचं का?' एवढेच विचारतात आणि ऐकणाऱ्याला सगळे समजते. 'तुम्ही घेता का?' या प्रश्नातही काय घेता ते बोलले जात नाही. बोलीने वस्तूचे नाव मागे ठेवले आणि बसणे, घेणे, पाजणे हे चारचौघांतले व्यवहार पुढे आणले. यात आडपडदा आहेच, पण एक नेमके निरीक्षणही आहे. आपल्याकडे बहुतेक माणसे पहिला घोट दारूच्या ओढीने घेत नाहीत, बसणाऱ्यांच्या ओढीने घेतात. ही पुस्तिका त्या बसण्याविषयी आहे. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी ती लिहिली आहे. ही कुटुंबे संख्येने थोडी आहेत. शेजाऱ्याच्या हळदीला, कारखान्यातल्या सहकाऱ्याच्या निरोप समारंभाला, फार्महाऊसवर आलेल्या मुंबईच्या नातलगांकडे आणि आपल्या घरच्या बाप्तिस्म्याला, लग्नाला, नाताळाला त्यांच्यापुढे हा प्रश्न येतोच. या विषयावरची पुस्तके सहसा 'ख्रिस्ती माणसाने दारू प्यावी का?' असे विचारून सुरू होतात. हा प्रश्न एकट्या माणसाला पुढ्यात बसवून विचारला जातो आणि उत्तरही त्याच्या एकट्याच्या घोटांचा हिशेब करते. मला तो हिशेब अपुरा वाटतो. ख्रिस्ती शिकवणीतला संयम हा आधी बैठकीचा गुण आहे. तोल गेलेल्या माणसाकडून तो मागून उपयोग नाही. ज्याचा तोल अजून शाबूत आहे, त्याच्याकडून तो मागायचा आहे, आणि शेजारी बसलेल्यासाठी मागायचा आहे. पुढची सगळी प्रकरणे या एका म्हणण्यावर उभी आहेत, म्हणून ते इथे नीट तपासून घेतो.

हे तालुके समुद्राकडे पाठ करून सह्याद्रीला टेकलेले आहेत. एकाकडे उल्हास, दुसऱ्याकडे पाताळगंगा. मुंबईची लोकल कर्जतवरून खोपोलीपर्यंत येते आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग खालापुरातून घाटाकडे चढतो. मोठ्या शहरापासून शंभरेक किलोमीटरवर असणे हे या भागाचे भाग्य आहे आणि भोगही. गेल्या काही दशकांत भातशेतीच्या आणि वरकस जमिनींवर फार्महाऊस आणि रिसॉर्ट उभे राहिले. शुक्रवारी संध्याकाळी गाड्या येतात आणि रविवारी परततात. आषाढी अमावास्येला घरोघरी दिवे पूजायचे, तिचे लोकांच्या तोंडी 'गटारी' झाले आणि श्रावणाआधीचा तो शनिवार-रविवार इथल्या व्यवसायाचा हंगाम ठरला. दुसरा हंगाम 31 डिसेंबरचा. पावसाळ्यात आषाणे, बेकरे, सोलनपाडा अशा धबधब्यांवर आणि धरणांवर प्रशासनाला मनाई आदेश काढावे लागतात. त्यांत पाण्यात उतरण्याच्या जोडीला मद्यप्राशनाचा उल्लेख असतो, कारण या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होते हे पोलिसांना आणि मृतदेह बाहेर काढणाऱ्या गावातल्या पोरांना ठाऊक आहे. पाहुण्यांच्या या बैठकीत आणखी एक कुटुंब हजर असते आणि त्याची मोजदाद कुणी करत नाही. फार्महाऊस सांभाळणारा माणूस, त्याची बायको, मुले. पुष्कळदा हे कुटुंब ठाकूर किंवा कातकरी वाडीतले असते. तो बर्फ आणतो, कोंबडी आणतो, रात्री उशिरा चूल पेटवतो आणि निघताना उरलेली बाटली बक्षीस म्हणून त्याच्या हाती दिली जाते. देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. त्याच्यासाठी ती रविवारी संपलेली सहल असते. बाटली मात्र सोमवारी त्या घरात असते.

बाहेरून येणाऱ्यांवरच सगळे ढकलून चालणार नाही. हळदीची रात्र आपली स्वतःची आहे. आगरी, कुणबी आणि इतरही समाजांत हळदीचा खर्च लग्नाच्या बरोबरीला गेला आहे. समाजातली जाणती मंडळी त्याविरुद्ध बोलत असतात, ठराव करत असतात, आणि पुढच्या मोसमात पुन्हा तेच होते. मांडवाच्या पुढच्या बाजूला नवरदेवाला हळद लागते, बायका गाणी म्हणतात. मागच्या बाजूला, पाण्याच्या पिंपांजवळ, एक लाकडी टेबल असते. त्यावर एकात एक घातलेले प्लास्टिकचे ग्लास, कागदी डिशमध्ये उकडलेले चणे आणि फरसाण, खाली खोक्यात बाटल्या. ओतायला उभा असतो घरातला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, कारण मोठी माणसे पाहुण्यांत गुंतलेली असतात आणि 'पोरांनी हातभार लावायचा' असतो. ज्या राज्यात कडक मद्यासाठी वयाची अट 25 वर्षांची आहे, तिथे मापाचा पहिला धडा असा कामाच्या नावाखाली दिला जातो. त्या टेबलाशी येणारा प्रत्येक जण त्या मुलाला सांगतो, 'भर अजून.' यजमानाची ऐपत त्या ग्लासाच्या उंचीवर मोजली जाते, हे त्या रात्री मुलाला कळते. पुढे कितीही प्रवचने ऐकली तरी हे शिक्षण पुसायला वेळ लागतो.

इथली दारू आणि इथली गरिबी यांचे नाते जुने आहे आणि ते लोकांच्या स्वभावातून आलेले नाही. मोहाची फुले ही डोंगरातल्या माणसांची उन्हाळ्यातली मिळकत. ती वाळवून खायची, टंचाईत पोटाला आधार म्हणून ठेवायची, आणि सणासुदीला, जन्म-मृत्यूच्या विधींना त्यांची दारू गाळायची. 1878 साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला आणि दारू गाळणे हा सरकारी मक्त्याचा विषय झाला. 1891 मध्ये कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यातून कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, आला. खालापूर तेव्हा कर्जतचाच पेटा होता. लगेच पुढच्या वर्षी, 1892 मध्ये, सरकारने ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा खास कायदा केला आणि फुले जवळ बाळगण्यावर निर्बंध घातले. त्याच काळात उरणच्या भट्ट्यांत मोहाचीच दारू गाळली जात होती आणि तिच्यासाठी फुले गुजरातेतल्या पंचमहालातून येत होती. दारात पडलेले फूल जवळ बाळगण्यावर निर्बंध आणि दुकानातून तीच दारू विकत घेणे सरकारच्या उत्पन्नाला हातभार, अशी ती व्यवस्था होती. घरची, वर्षातून चार वेळा गाळली जाणारी दारू बाजाराची आणि रोजची कशी झाली, याचे मोठे कारण मला इथे दिसते. आज कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती मालकाची उचल घेऊन. हिशेब पावसाच्या तोंडावर होतो. हाती रोख थोडी, दिवसभराचे काम कंबर मोडणारे आणि जवळच गावठीचा अड्डा. अशा ठिकाणी जाऊन 'संयम पाळा' असे सांगणाऱ्या धर्मोपदेशकाने आधी उचलीचा कागद वाचायला हवा. केंद्र सरकारने विशेष असुरक्षित ठरवलेल्या आदिवासी समूहांपैकी महाराष्ट्रात तीन आहेत आणि कातकरी त्यांतला एक. त्यांच्या दारूविषयी बोलताना आवाज खाली आणावा, असे मला मनापासून वाटते.

आता शास्त्राकडे वळू. पवित्र शास्त्रात द्राक्षारसाची निंदा आहे आणि स्तुतीही आहे. यांतला एकच भाग उचलणाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी वाद लांबवला आहे. स्तोत्रकार द्राक्षारसाला माणसाचे मन आनंदी करणाऱ्या देवाच्या दानांत मोजतो. नीतिसूत्रे मद्याला थट्टेखोर ठरवतात आणि रात्रभर द्राक्षारसापाशी रेंगाळणाऱ्याच्या लाल डोळ्यांचे, कारण नसलेल्या जखमांचे असे चित्र काढतात की ते आजच्या कोणत्याही व्यसनमुक्ती केंद्राच्या नोंदवहीत शोभेल. बाप्तिस्मा देणारा योहान पीत नव्हता. येशू जेवणावळींना जात असे आणि विरोधकांनी त्याला दारूबाज म्हणून हिणवले. आणि मग काना गावचे लग्न येते. या पुस्तिकेच्या विरोधात पहिला मुद्दा तोच येणार, हे मी धरून चाललो आहे. येशूने स्वतः पाण्याचा द्राक्षारस केला, मग आम्हाला कोण अडवणार? योहानाच्या शुभवर्तमानात दगडी रांजण सहा आहेत, प्रत्येकात दोन-तीन मापे पाणी मावते. त्या मापाचा अंदाज चाळीसेक लिटरचा धरला तर एकूण पाचशे ते सातशे लिटर होतात. हा आकडा लपवून उपयोग नाही. लग्न अनेक दिवसांचे होते, सारे गाव जेवायला होते, आणि त्या काळी भूमध्य समुद्राकाठी द्राक्षारसात पाणी मिसळून पिण्याचा परिपाठ होता. ऊर्ध्वपातनाने काढलेली कडक दारू युरोपात रुळली ती त्यानंतर हजारेक वर्षांनी. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर जे 42.8 टक्के छापलेले असते ते काना गावात कुणाला माहीतच नव्हते. पण हा मुद्दा मापाचा झाला, आणि मापावर वाद जिंकण्यात मला रस नाही. त्या गोष्टीत चमत्कार कशासाठी झाला ते पाहावे. लग्नघरी द्राक्षारस संपला म्हणजे यजमानाची गावात नाचक्की. येशूने ती टाळली, तीही कुणाला न कळवता. भोजनाच्या कारभाऱ्यालासुद्धा तो द्राक्षारस कुठून आला ते ठाऊक नव्हते, पाणी भरणाऱ्या चाकरांना तेवढे ठाऊक होते. कुणाला आग्रह झाला, कुणाच्या हातात पेला कोंबला गेला, असे तिथे काही नाही. कानाचे लग्न पिण्याच्या परवान्यापेक्षा यजमानाच्या अब्रूविषयी अधिक बोलते. इथल्या हळदीच्या यजमानाला नेमकी तीच भीती असते, म्हणून हा उतारा आपल्याला दूरचा नाही.

तरी या विषयाचे खरे ठाणे काना नाही, करिंथ आहे. इसवी सन 55 च्या सुमारास पौलाने त्या बंदराच्या शहरातल्या छोट्या मंडळीला पत्र लिहिले. तिथे प्रभुभोजन एखाद्या ऐपतदार घरी, खऱ्या जेवणासकट होत असे. पत्राच्या अकराव्या अध्यायातली तक्रार अशी की काही जण आपापले जेवण आधीच उरकतात, परिणामी एक भुकेला राहतो आणि दुसऱ्याला चढलेली असते. अभ्यासकांनी याचा जो उलगडा केला आहे तो मला पटतो. मोकळा वेळ असलेली सुखवस्तू माणसे लवकर येऊन बसत, हमाल, गुलाम, मजूर काम संपवून उशिरा पोचत, तोवर अन्न संपलेले असे आणि बैठक रंगलेली असे. पौल इथे पिणाऱ्यांना त्यांच्या यकृताविषयी काही सांगत नाही. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही खाली मान घालायला लावता, असे तो विचारतो. एकाची नशा आणि दुसऱ्याची भूक त्याने एकाच वाक्यात बांधली आहे. त्याच पत्रात मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा वाद आहे. ज्ञान असलेले म्हणत होते, आम्हाला त्याने काही होत नाही. पौल त्यांचे ज्ञान मान्य करतो आणि पुढे जाऊन त्यांना दुर्बळ भावाची आठवण देतो. तुझे पाहून तो बसला आणि तो पडला, तर? रोमकरांना लिहिताना तो या यादीत मांसाबरोबर द्राक्षारसाचेही नाव घेतो. ज्याने भाऊ अडखळेल ते न खाणे, न पिणे बरे, असा त्याचा निर्वाळा आहे. फार्महाऊसच्या ओट्यावर बसून उरलेली बाटली राखणदाराला देणाऱ्याला मी करिंथकरांचा अकरावा अध्याय वाचायला सांगेन. उशिरा येणारा मजूर तिथेही होता.

हा दुर्बळ भाऊ खरोखर असतो का, की नुसता युक्तिवादासाठी उभा केलेला? आकडे पाहू. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार 10 ते 75 वयोगटातले 14.6 टक्के भारतीय मद्य घेतात, म्हणजे सुमारे 16 कोटी माणसे. ज्यांचे पिणे अपायकारक किंवा परावलंबी झाले आहे आणि ज्यांना मदतीची गरज आहे ते 5.2 टक्के. या दोन आकड्यांचे गुणोत्तर मांडले की कळते, पिणाऱ्यांपैकी दर तिसऱ्या माणसाला मदत हवी आहे. देशाची सरासरी प्रत्येक मांडवाला जशीच्या तशी लागू पडत नाही, हे मान्य. तरी हळदीच्या टेबलाशी नऊ जण उभे असतील तर त्यांत तिघे असे असू शकतात, आणि ते तिघे कोणते हे कपाळावर लिहिलेले नसते. त्यांतला एखादा स्वतःही जाणत नाही. त्याच पाहणीत पिणाऱ्या पुरुषांचे स्त्रियांशी प्रमाण सतरास एक आहे. म्हणजे दारू पिते घरातले एक माणूस, आणि तिच्यासोबत राहावे लागते बाकीच्यांना. 'माझं मी बघतो' असे म्हणणारा माणूस या आकड्यांपुढे मला प्रामाणिक वाटतो, पण अर्धीच गोष्ट सांगणारा.

गलतीकरांच्या पत्रात आत्म्याच्या फळांची यादी आहे. तिच्यातले शेवटचे फळ मराठी बायबलमध्ये 'इंद्रियदमन' या शब्दाने आले आहे. मूळ ग्रीक शब्द 'एन्क्रातेया', म्हणजे स्वतःवर ताबा असणे. 'दमन' या शब्दामुळे आपल्या मनात ताकदीने दाबून धरल्याचे चित्र उमटते आणि तिथून एक क्रूर गैरसमज सुरू होतो. ज्याला व्यसन लागले आहे त्याला मंडळीत उभे करून विचारले जाते, 'तुझ्यात एवढीही ताकद नाही?' पण पौलाने ही वस्तू फळांत मोजली आहे, आणि फळ झाडाला दम देऊन येत नाही. त्याला माती, पाणी आणि वेळ लागतो. शिवाय व्यसन हा आजार आहे. रोज पिणाऱ्याने वेदीपुढे शपथ घेऊन एका रात्रीत सोडायचे ठरवले तर थरथर, झटके, भ्रम येऊ शकतात आणि प्रसंगी ते जिवावर बेतते. पाळकांनी आणि धर्मगुरूंनी प्रार्थनेबरोबर त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे न्यावे, हे मी इथेच ठासून सांगतो, कारण पुढच्या प्रकरणांपर्यंत कुणी थांबू नये. 1935 मध्ये अमेरिकेत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस सुरू झाले. त्याची मुळे ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीत होती, आणि त्याची पहिलीच पायरी म्हणजे दारूपुढे आपले काही चालत नाही ही कबुली. मुंबईत फादर जो परेरा यांनी 1981 मध्ये कृपा फाउंडेशन उभे केले. पुण्यात 1986 मध्ये अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केले, तिथे धर्माचे नाव नव्हते. दोन्ही ठिकाणी आजारी माणसाला एकट्याच्या इच्छाशक्तीवर सोडले गेले नाही, त्याच्याभोवती माणसे बसवली गेली. मग संयमाची शिकवण कुणासाठी? माझ्या वाचनात ती ज्यांच्या हाती अजून निवड आहे त्यांच्यासाठी आहे. बैठकीत नऊ जण असतील आणि तिघांच्या हातून निवड निसटली असेल, तर उरलेल्या सहांच्या संयमावर त्या तिघांची रात्र अवलंबून असते.

इथे त्या सहांतला एक जण उठून बोलेल, आणि त्याचे म्हणणे ऐकायला हवे. 'मी महिन्यातून दोनदा घेतो, कधी वाकडे पाऊल पडले नाही, गाडी चालवत नाही. कॅथलिक धर्मशिक्षणही अतिरेक टाळा म्हणते, घेऊच नका म्हणत नाही. दुसऱ्याच्या दुबळेपणापायी मी माझे स्वातंत्र्य का सोडू?' कॅथलिक परंपरेविषयी तो बरोबर बोलतो. तिथे मिताचाराचा सद्गुण अति खाणे, अति पिणे वर्ज्य करतो, आणि 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथाने नशेत वाहन चालवून इतरांचा जीव धोक्यात घालणे गंभीर दोष ठरवले आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांपैकी मेथडिस्ट, साल्वेशन आर्मी अशांनी पूर्ण वर्ज्य करण्याची वाट धरली. या दोन परंपरांत कोण खरे हे ठरवण्याचा मला अधिकार नाही आणि त्याची गरजही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये सांगितले की मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. हे त्या सद्गृहस्थाने वाचावे आणि आपला निर्णय आपण घ्यावा. मी त्याच्याकडून मागतो ते वेगळे. त्याने आपले स्वातंत्र्य मुळात सोडू नये, जागा पाहून वापरावे. कोणत्या बैठकीत घ्यायचे नाही हे ठरवता येणे हाही स्वातंत्र्याचाच भाग आहे. ज्याला ते जमत नाही त्याने आपल्या 'महिन्यातून दोनदा'च्या शिस्तीकडे पुन्हा एकदा बारकाईने पाहावे.

दुसरा आक्षेप पाहुणचाराचा, आणि तो मला सगळ्यांत जड वाटतो. आग्रह हा मराठी पंगतीचा प्राण आहे. जिलबीचे ताट घेऊन दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा फिरायचे, 'नको' म्हणणाऱ्याच्या पानात हळूच एक टाकायची, पाहुण्याने हात आडवा धरायचा आणि यजमानाने शपथ घालायची. यातले 'नको' खरे धरायचे नसते, हे दोघांना माहीत असते. आपण ही पद्धत जशीच्या तशी उचलून ग्लासाला लावली आहे. 'एकाने काय होतंय', 'माझ्यासाठी घे', 'भावाच्या हळदीला नाही म्हणतोस?' जिलबीच्या बाबतीत खोटे धरलेले 'नको' इथे कुणाचे तरी सहा महिने सांभाळलेले, खरे 'नको' असू शकते. ज्याने व्यसन सोडले आहे त्याला ते चारचौघांत उलगडून सांगण्याची सक्ती आपला आग्रह करतो. सांगितले तर लाज, न सांगितले तर घोट. पाहुणचाराचा मान राखूनच यातून वाट काढता येते. आग्रह भाताचा, मटणाचा, सोलकढीचा करावा, हवा तेवढा करावा. पेल्याचा एकदाच विचारावा, आणि पहिले 'नको' शेवटचे समजावे. 'का?' हा प्रश्न तर कुणी विचारूच नये. आदिवासी विधींतली मोहाची धार, वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन लग्नातले खिमट, गोव्याच्या घरातली फेणी यांचा मान मी कमी लेखत नाही. जुन्या रीतींना आपापली वेळ असते, माप असते, ओतणारे वडीलधारे माणूस असते. मांडवामागच्या टेबलाला यांतले काहीच नाही, म्हणून परंपरेच्या नावाने त्याची पाठराखण करता येत नाही.

कायद्यानेच हे मिटवावे, असेही कुणी म्हणेल. ख्रिस्ती मंडळींनी तो मार्ग जोराने चालून पाहिला आहे. ब्रिटिश खासदार डब्ल्यू. एस. केन यांनी 1888 मध्ये भारतासाठी मद्यपानविरोधी संघटना उभारली. बाप्टिस्ट मंडळीत प्रवचने देणारा हा माणूस आपल्याच सरकारच्या अबकारी उत्पन्नावर बोट ठेवत होता. पंडिता रमाबाईंनी त्याच सुमारास अमेरिकेत स्त्रियांची ख्रिस्ती मद्यपानविरोधी संघटना जवळून पाहिली आणि 1889 च्या आपल्या मराठी प्रवासवर्णनात तिच्याविषयी लिहिले. दारू हा घरातल्या स्त्रीच्या जगण्याचा प्रश्न आहे, हे त्या स्त्रियांनी चर्चच्या बाकांवरून रस्त्यावर आणले होते. पुढे मुंबई राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा झाला आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण बंदी आली. मुंबईत घराघरांतून चोरटे गुत्ते निघाले. त्यांतले काही गोवेकर आणि ईस्ट इंडियन बायका चालवत, आणि सिनेमातला ख्रिस्ती माणूस हातात बाटली घेऊनच पडद्यावर येऊ लागला. ही प्रतिमा पुसणे हेही आपल्या मंडळींच्या हाती आहे. तो कायदा, सैल होत होत, आजही आहे आणि नियमाप्रमाणे पिणाऱ्याकडे परवाना लागतो. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी तरतूद म्हणजे गावातल्या बायकांची चिन्हांवर होणारी मतदानाची लढाई, उभी बाटली की आडवी बाटली. पण आडव्या बाटलीने गावातले परवानाधारक दुकान बंद होते. हळदीचे टेबल, फार्महाऊसचा ओटा आणि भट्टीजवळचा अड्डा तिच्या हद्दीबाहेर राहतात. तिथे कायद्याऐवजी यजमान असतो.

म्हणून या पुस्तिकेची बरीचशी पाने यजमानाला उद्देशून आहेत. ओतायला लहान मुलगा नको. जेवण आधी, आणि रात्री नऊला वाढलेले, कारण रिकाम्या पोटी लांबलेली बैठक हे अर्धे संकट असते. सरबत, कोकम, ताक तेवढ्याच चांगल्या पेल्यांत आणि त्याच टेबलावर, म्हणजे हातातल्या पेल्याकडे पाहून कुणाला काही ओळखू येऊ नये. गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा रक्ताच्या 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅम आहे, पण घाटाखालच्या वळणांवर यजमानाने किल्ली मागून घेणे अधिक भरवशाचे. फार्महाऊस सांभाळणाऱ्या कुटुंबाला मोबदला पैशांत आणि धान्यात, बाटलीत कधीही नाही. आणि ज्या घरी व्यसन सोडलेला माणूस येणार आहे हे ठाऊक आहे, त्या घरी त्या रात्री टेबलच नको.

हे शेवटचे कलम पुष्कळांना अति वाटेल. एका माणसासाठी साऱ्या मांडवाने का बदलावे? त्यांनी एकदा वेदीकडे पाहावे. अमेरिकेतले मेथडिस्ट दंतवैद्य थॉमस वेल्च यांनी 1869 मध्ये द्राक्षांचा रस आंबू न देता टिकवण्याची रीत काढली, ती प्रभुभोजनाच्या पेल्यासाठी. आज अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत सर्वांना तसाच रस दिला जातो. कॅथलिक चर्च मिस्साला द्राक्षारसच लागतो या नियमावर ठाम आहे. पण मद्य ज्याला चालत नाही अशा भाविकाला केवळ भाकरीच्या रूपातला प्रसाद पूर्ण मानला जातो. आणि ज्या धर्मगुरूला व्यसनाने गाठले आहे, त्याला मुस्तुम, म्हणजे ताजा किंवा आंबणे थांबवून टिकवलेला द्राक्षांचा रस, वापरण्याची परवानगी बिशप देऊ शकतात. 2003 च्या जुलैत रोमहून निघालेल्या पत्रात तसे लिहिलेले आहे. दोन हजार वर्षांच्या पूजाविधीतला सर्वांत पवित्र पेला, आणि त्यात काय ओतायचे हे ठरवताना तो उचलणाऱ्या एका आजारी हाताचा विचार केला गेला आहे.